मांडूच्या चिंचेच्या जागी

आषाढ शुद्ध नवमी, रविवार, सकाळचे साडेनऊ. धार, तुझ्या घरामागचा बगीचा. हजर: दाजी, अनिकेत, शेजारच्या दुबे भाभी आणि मी. विषय: झाडांचं पुढे काय करायचं.

अक्का, तुझं तेरावं शुक्रवारी झालं, पाहुणे शनिवारी गेले आणि रविवारी मी वही उघडून बसले. कुणीतरी बसायलाच हवं होतं. तुझ्या नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तुझ्या आजारपणात ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. तुझ्या मुलाची पीथमपूरची नोकरी, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, बस चुकली की दिवस गेला. आणि तुझ्या एकशे सात कुंड्या. मी मोजल्या. त्यात तेलाचे डबे धरले, फुटक्या बादल्या धरल्या, आईचं पितळी घंगाळही धरलं, ज्यात तू अनंत लावलास म्हणून मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. जमिनीतली झाडं वेगळी: चिकू, पेरू, फणस, रामफळ, सोनचाफा, दोन केळी. एकावरही नाव नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय, ते आधी लिहून टाकते. नंतर लिहीन म्हटलं तर मी कुंड्यांतच गुंतून राहीन, मला माझी सवय ठाऊक आहे. पेरूच्या पलीकडची तुझी मांडूची चिंच मी माघात उपटून टाकली. तू इंदूरला दवाखान्यात होतीस आणि रोज फोनवर झाडांची चौकशी करत होतीस, तेव्हा. तिच्या जागी मी पपई लावली. ती आता माझ्या खांद्याला लागते. आणि दाजींना वाटतं, तीच तुझी मांडूची चिंच.

त्या झाडावरून आपलं पहिल्या दिवसापासून वाजलं. आठ वर्षं झाली असतील, आपण तिघं मांडूला गेलो होतो. चढावर एक बाई टोपलीत ती फळं घेऊन बसली होती, दुधी भोपळ्याएवढी, वर मखमली लव असलेली. म्हणाली, "खुरासानी इमली हे बाई, टुकड़ो मुंडा में राखो, प्यास नी लगे." तिकडे त्या फळालाच चिंच म्हणतात, तुकडा तोंडात धरला की तहान लागत नाही म्हणे. तू घेतलंस. मी म्हटलं, खा आणि बिया टाकून दे. तू बिया रुमालात बांधल्यास. मग मी तुला तिथेच उभी असलेली ती झाडं दाखवली. पाच माणसांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नाही, आणि पानं गळली की फांद्या अशा दिसतात, जणू कुणी झाड उलटं पुरलंय आणि मुळं वर राहिलीत. म्हटलं, "अक्का, तुझा बगीचा वीस बाय तीसचा आहे. हे तिथे मावणार आहे का?"

"मावेल. मोठं व्हायला दोनशे वर्षं लागतील. तोवर जागा करू."

"कोण करेल?"

"कुणीतरी. तू यादी कर."

बियांचं टरफल इतकं कडक, की दाजींनी दुकानात बसून घड्याळाच्या कानशीनं एकेक घासली. अकरा बिया. गिऱ्हाईक समोर उभं आणि हा माणूस डोळ्याला भिंग लावून चिंचोका घासतोय, हे तू पुढे कितीदा हसत सांगितलंस. गरम पाण्यात भिजवून पेरल्या. पहिल्या पावसात काही नाही. दुसऱ्या पावसात एक उगवली. पाच वर्षं ती तेलाच्या डब्यात होती, मग तू तिला पेरूच्या पलीकडे जमिनीत उतरवलंस. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की ती पेरूच्या पलीकडची कुठली. तिथे तू पाच गोष्टी लावल्या होत्यास.

मी किती वेळा म्हटलं, पाट्या लाव. मी करून आणते, पत्र्याच्या, काळ्या रंगात, फक्त नाव आणि लावल्याचा महिना. तुझं उत्तर ठरलेलं: "मला ठाऊक आहे कोण कुठे आहे ते." तुला ठाऊक होतं, कबूल. तू झाडं ती देणाऱ्याच्या नावानं ओळखायचीस. चिकू महूच्या मामींचा, सोनचाफा बडनगरच्या बाईंचा, गवती चहा दुबे भाभींचा. पण ते तुझ्या डोक्यात होतं, आणि डोकं इंदूरला दवाखान्यात गेलं की मागे राहिलेल्यांनी काय करायचं, याचा विचार तू कधी केला नाहीस. मलाही तू बसच्या ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून रोपं पाठवायचीस, ओल्या पोत्यात गुंडाळून, देवासला मी उतरवून घ्यायची. चार रोपं, नाव एकावरही नाही. त्यातलं एक तू रामफळ म्हणालीस. तीन वर्षं मी त्याला रामफळ म्हणून वाढवलं आणि त्याला सीताफळं लागली. फोन केला तर म्हणालीस, "गोड आहेत ना?" गोड होती. पण तो प्रश्न नव्हता.

माघात तू दवाखान्यात गेलीस, तिथून अनिकेतच्या पीथमपूरच्या खोलीवर, पुन्हा दवाखान्यात. दाजी तुझ्याबरोबर. बगीचा माझ्याकडे आला. मी दर शनिवारी देवासहून पहिल्या बसनं धारला, पाणी, सफाई, रात्री मुक्काम, रविवारी परतताना इंदूरला तुला भेटून घरी. पहिल्याच शनिवारी मी नकाशा काढला. प्रत्येक रोपाला नंबर दिला. जी ओळखता आली त्यांची नावं लिहिली, जी आली नाहीत त्यांपुढे प्रश्नचिन्ह. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "सांगेन सावकाश."

मी वीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळते आहे. तिथे नियम आहे. ज्या मालावर चिठ्ठी नाही आणि ज्याचा मालक सापडत नाही, त्याची पंधरा दिवस वाट बघायची आणि मग भंगारात काढायचा. बरा नियम आहे, त्याशिवाय स्टोअर चालत नाही. तिसऱ्या शनिवारी मी तो तुझ्या बगीच्याला लावला. नंबर एकोणतीस: कमरेएवढी काठी, पान एक नाही, बुंध्याशी मुळ्यासारखी जाड. मी नखानं साल खरवडलीही नाही. वहीत लिहिलं, "२९, वाळलेले", आणि कुदळ घेतली.

मूळ रताळ्यासारखं निघालं. कुदळ लागून ते मधोमध तुटलं आणि आत पांढरं आणि ओलं होतं. वाळलेलं झाड आतून ओलं नसतं, एवढं मलाही कळतं. मी ते हातात धरून उभी राहिले. मग बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं आणि मी ते नेऊन गाडीत टाकलं. टाकताना मला माहीत होतं, की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं ते माहीत नव्हतं. खड्डा रिकामा दिसायला नको म्हणून देवासहून आणलेलं पपईचं रोप तिथे लावलं. त्याला चिठ्ठी होती.

आणि मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन. आवाज बसलेला. "सुमे, एक राहिलंच सांगायचं. पेरूच्या पलीकडे काठी दिसेल बघ एक. ती मांडूची चिंच. पानं गाळून उभी असते थंडीत. झोपलीय ती. तिला पाणी देऊ नकोस, मूळ कुजेल."

मी म्हटलं, "बरं."

तीन दिवस, अक्का. शनिवारी उपटली, मंगळवारी तू सांगितलंस. शुक्रवारी सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं आधी एक पत्र्याची पट्टी लावायला काय झालं होतं? मी त्या संध्याकाळी तुझ्यावर इतकी चिडले, की पोळ्या करताना तव्यावर दोन जाळल्या. तू आजारी होतीस आणि मी तुझ्यावर चिडले होते, आणि चूक माझी होती. हे तिन्ही एकदम कसं सांभाळायचं, ते मला तेव्हाही जमलं नाही आणि आजही जमत नाही.

पुढच्या रविवारी तू विचारलंस, "चिंच?" मी म्हटलं, "झोपलीय." तुझाच शब्द तुला परत दिला. फाल्गुनात झोपलीय, चैत्रात झोपलीय. वैशाखात तू म्हणालीस, "आता जागी व्हायला हवी." मी म्हटलं, "होतेय." मला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात. येतं. फार सोपं असतं, समोरच्याला ते हवं असलं की.

एका रविवारी खोलीत आपण दोघीच होतो. दाजी खाली चहाला गेले होते. तू माझा हात हातात घेऊन नखं बघितलीस. नखांत माती होती, मी घासूनही गेली नव्हती. तू म्हणालीस, "तुझ्या नखांत माती. आई असती तर पेढे वाटले असते." मग बराच वेळ हात सोडला नाहीस. म्हणालीस, "तू नसतीस तर सगळं वाळलं असतं गं." तेव्हा सांगता आलं असतं. वेळ होता, दार बंद होतं, आणि तू बऱ्यापैकी शुद्धीत होतीस. कदाचित तू हसली असतीस. कदाचित भिंतीकडे तोंड केलं असतंस. मला आता ते कधीच कळणार नाही, कारण मी म्हटलं, "संत्रं सोलू का?"

तुझ्याशिवाय मी आयुष्यभर चार कुंड्यांवर राहिले असते, एका रांगेत, सारख्या मापाच्या. या चार महिन्यांत मला कळलं, फणसाला पहिलं फळ बुंध्याशी का धरतं, केळीचा कोंब कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, सोनचाफा उकाड्यात पाण्याआधी सावली मागतो. तू फोनवर शिकवलंस, धापा टाकत. मी लिहून घेतलं. बावीस पानं आहेत. तुला वाचून दाखवणार होते, तेही राहिलं.

ज्येष्ठात तू शेवटचं विचारलंस, "पालवी?" मी म्हटलं, "आली." तू दाजींकडे वळून म्हणालीस, "बघून या हं. पंजासारखी पानं असतात." तू सांगितलंस तसंच त्यांनी केलं. तुला पोचवून घरी आले, तशी दुसऱ्या दिवशी सकाळी पेरू चाचपत पलीकडे गेले आणि त्यांना पंजासारखी पानं सापडली.

रविवारचं सांगते. मी कुंड्या वाटत होते. दुबे भाभींना वीस, मोगरा आणि जास्वंद धरून. अनिकेतच्या खोलीच्या गॅलरीत चार. मला तीस. बाकीच्या दाजींना पाणी घालता येईल अशा एका रांगेत. सगळे हो म्हणत होते, काम पटापट चाललं होतं. एवढ्यात दाजी उठले.

"सुमन, इकडे ये. ही बघ." त्यांनी पपईचं एक पान तळहातावर तोललं. ज्या माणसानं चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू चिमट्यात धरले, तो ते पान बोटांनी मोजत होता. "पंजासारखी. ती म्हणालीच होती. मी रोज येऊन बघतो. रोज वाढते. इतकी वर्षं काठीसारखी उभी होती, आणि आता बघ."

दुबे भाभींनी तोंड उघडलं. मी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना नळाकडे नेलं.

"दीदी, यो तो पपीतो हे," त्या हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे भाभी. मीच लावलाय."

"तो भाईसाब के कद बोलोगा? दो महिना में तो पपीता लटकी जायगा. इमली पे पपीता देख्या हे कोई ने?"

मला हसू आलं, अक्का. तुझ्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी, नळाशी, तोंडाला पदर लावून मी आणि दुबे भाभी हसलो आणि मग त्या रडायला लागल्या, मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

अनिकेतला सांगितलं तर तो म्हणाला, "मला दिसलंच होतं मावशी. पण पप्पांना काय बोलू नको ना. चार महिन्यांनी माणूस सकाळी उठून बाहेर येतोय. त्यांना इमली वाटतेय, तर वाटू दे."

"फळ धरलं की?"

"तब की तब देखेंगे."

"हे तुझ्या आईचं बोलणं झालं."

"मग बरोबरच असेल."

तुझाच मुलगा. मी त्याला सांगितलं, तब की तब म्हणजे भाद्रपद. देठांच्या बेचक्यात कळ्या दिसायला लागल्या आहेत. मध्यंतरी मला वाटलं होतं, झाड नर निघालं तर फळाचा प्रश्नच येणार नाही. जगात पपई लावून ती नर निघावी म्हणून देवाला हात जोडणारी मी एकटीच असेन. मग वही उघडली. नर्सरीची चिठ्ठी मी त्यात चिकटवून ठेवली आहे: सर्व रोपे फळ देणारी.

माझ्या बसला तासभर होता, तेव्हा दाजी खोलीतून एक गोल वस्तू घेऊन आले. दुकानातल्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची पांढरी तबकडी. आकडे घासून काढलेले.

"चार दिवस घासतोय," ते म्हणाले. "डोळ्यांनी होत नाही, बोटांनी केलं. तिनं तुला कधी पाट्या लावू दिल्या नाहीत ना. म्हणायची, सुमी माझ्या बगीच्याचं गोदाम करेल. आता लाव तू. बाकी झाडांना तुझ्या पत्र्याच्या लाव, या एकाला ही."

"काय लिहू?"

"झाडाचं नाव. खाली तिचं नाव. मोठं लिही. श्रावणात एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो म्हणतोय आता. पट्टी सुटली की आधी ते वाचीन."

इतके महिने आम्ही दोघं, मी आणि अनिकेत, त्यांना ऑपरेशनला तयार करत होतो. आता ते आपणहून तयार झालेत, आणि ते ज्यासाठी डोळे उघडणार आहेत ते झाड कचऱ्याच्या गाडीतून गेलं. मी तबकडी घेतली. पिशवीत ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बस सुटेल दाजी, येते."

आज बुधवार. देवासला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पत्र्याच्या तेरा पाट्या रंगवून झाल्या. चिकू, महूच्या मामींकडून. सोनचाफा, बडनगरच्या बाईंकडून. नुसतं झाडाचं नाव लिहिणार होते, पण देणाऱ्याचं लिहिलं नाही तर तुझं त्यात काहीच राहत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं. मग तबकडी घेतली. पट्टीनं रेघा आखल्या. तासभर नुसती बसले. माझ्या यजमानांनी दोनदा विचारलं, जेवायचं का. एकदा वाटलं, लिहून टाकावं त्यांना हवं ते, एक वाक्य, कुणाचं काय जातंय. पण ज्यात पपई आहे त्यावर चिंच लिहायचं, ते माझ्या हातून होईना. हट्ट म्हण. तुला तर माझा प्रत्येक नियम हट्टच वाटायचा.

शेवटी पेन्सिलीनं लिहिलं. पहिल्या रेघेवर: पपई. दुसऱ्या रेघेवर, लावणारी: सुमन. तिसरी ओळ लांब होती, म्हणून आधी बारीक लिहिली, मग पुसून मोठी केली: येथे आधी अक्काची मांडूची चिंच होती. कडेपर्यंत गेली, पण बसली.

शनिवारी पहिल्या बसनं जायचं आहे. पाटी त्यांच्या हातात दिली की काम झालं, असं होणार नाही. त्यांना ती आज वाचता येत नाही, तोंडानंच सांगावं लागेल, पपईपाशी उभं राहून, कुदळीपासून. ते काय म्हणतील ते मी वहीत लिहू शकत नाही. काळ्या रंगाचा डबा उघडा राहिला होता, त्यावर साय धरली आहे. पेन्सिलीवर रंग चढवायचा बाकी आहे.